‘लोकांना कळत नाही’ या तक्रारीचे करायचे काय? उपयोजित भाषाविज्ञान प्रत्यक्ष वापरण्याची पद्धत

दवाखाना, न्यायालय, शाळा, सरकारी कचेरी, मदतकेंद्र, कोठेही गेले तरी एक तक्रार हमखास कानावर येते: ‘आम्ही सगळे नीट सांगतो, पण लोकांना कळतच नाही.’ या तक्रारीत निदान आधीच करून टाकलेले असते आणि ते पुष्कळदा चुकलेले असते. न कळण्याचा दोष ऐकणाऱ्याच्या माथी मारला की सांगणाऱ्याला स्वतःचे वाक्य तपासून पाहण्याची गरज उरत नाही. मग आणखी फलक लागतात, आणखी पत्रके वाटली जातात, आवाज चढतो आणि परिस्थिती जिथल्या तिथे राहते.

ज्या सामाजिक प्रश्नांच्या मुळाशी किंवा वाटेत भाषा उभी असते, त्यांचा पुराव्यानिशी अभ्यास करून उपाय शोधणे हे उपयोजित भाषाविज्ञानाचे काम आहे. मिशिगन विद्यापीठातून १९४८ मध्ये निघालेल्या एका नियतकालिकाच्या उपशीर्षकात हे नाव झळकले, तेव्हा त्याचा अर्थ जवळजवळ परभाषा शिकवण्याचे शास्त्र एवढाच होता. १९६४ मध्ये फ्रान्समधील नान्सी येथे या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि पुढे न्यायालयीन पुरावा, रुग्ण व डॉक्टर यांचे संभाषण, विमानवाहतुकीतील संदेश, भाषेवरून होणारा भेदभाव असे विषय त्यात येत गेले. पुढील मांडणी भाषाविज्ञानाची पदवी नसलेल्या, पण आपल्या कामात भाषेशी रोज झटापट करणाऱ्या शिक्षकांसाठी, आरोग्यसेवकांसाठी, वकिलांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी आहे.

पहिला टप्पा: तक्रारीचा प्रश्न करा

‘कळत नाही’ हे विधान तपासता येत नाही. ते तपासता येईल अशा रूपात आणण्यासाठी चार गोष्टी लिहून काढाव्यात: कोण, कोणाशी, कोणत्या प्रसंगी बोलतो किंवा कोणाला लिहितो, आणि त्यानंतर ऐकणाऱ्याने नेमके काय करणे अपेक्षित असते. उदाहरणार्थ, ‘रुग्ण औषधे नीट घेत नाहीत’ या तक्रारीऐवजी ‘औषध देताना दिलेली तोंडी सूचना ऐकून बाहेर पडलेला रुग्ण, दिवसभरात किती गोळ्या केव्हा घ्यायच्या हे बरोबर सांगू शकतो का?’ असा प्रश्न लिहावा. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोजता येते. शिवाय तो लिहिता लिहिताच काही वेळा दोष दिसू लागतो. ‘दोन गोळ्या तीन वेळा’ ही सूचना कागदावर उतरवली की दर वेळी दोन, की तिन्ही वेळा मिळून दोन, हा संदिग्धपणा लपत नाही. बोलताना तो सहज निसटतो, कारण बोलणाऱ्याला अर्थ आधीच ठाऊक असतो.

दुसरा टप्पा: गाठ खरोखर भाषेची आहे का, ते पाहा

भाषेचा अभ्यासक होऊ घातलेल्या माणसाला सगळीकडे भाषाच दिसू लागते, हा या क्षेत्रातला जुना रोग आहे. पालक शाळेच्या सभेला येत नाहीत याचे कारण निमंत्रणाचा मजकूर असू शकतो, तसेच सभेची वेळ त्यांच्या कामाच्या तासांत असणे हेही असू शकते. निमंत्रण कितीही सोपे केले तरी दुसऱ्या कारणावर त्याचा काडीचाही परिणाम होणार नाही. म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारावा: समजा, सर्वांना मजकूर शंभर टक्के समजला, तर अडचण सुटेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर पैसा आणि श्रम अन्यत्र लावावेत.

बहुतेक वेळा उत्तर ‘काही अंशी’ असे येते. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावर धावपट्टीवरच दोन जम्बो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. धुके होते, विमानतळावर गर्दी होती, रेडिओवर दोन संदेश एकाच वेळी आल्याने महत्त्वाचा भाग ऐकू आला नाही. आणि या सगळ्यांत एक कारण भाषेचे होते. डच वैमानिकाने इंग्रजीत ‘आम्ही आता टेकऑफला आहोत’ अशा अर्थाचे शब्द उच्चारले. विमान धावू लागले आहे, असे त्याला म्हणायचे होते. नियंत्रण कक्षाने ते उड्डाणाच्या ठिकाणी सज्ज उभे आहे, असा अर्थ घेतला. धुक्यावर इलाज नव्हता, पण शब्दावर होता. पुढे ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा आणि इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक घातला गेला. अनेक कारणांपैकी भाषेचे कारण वेगळे काढून त्यावर नेमका उपाय करणे, एवढेच आपल्या हाती असते आणि तेवढे पुष्कळ असते.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी: अडचण बोलणाऱ्याच्या भाषेत आहे की ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहात? अमेरिकेत १९७९ मध्ये अ‍ॅन आर्बर येथील खटल्यात कृष्णवर्णीय मुलांच्या वाचनातील मागासलेपणाचा प्रश्न न्यायालयापुढे आला. विल्यम लबोव यांच्यासह भाषाविज्ञांनी साक्ष दिली की मुलांची घरची बोली सदोष इंग्रजी नसून स्वतःचे नियम असलेली भाषा आहे. मुलांना वाचन शिकवताना शिक्षकांनी ही बोली लक्षात घेतली पाहिजे आणि त्यासाठी शाळा व्यवस्थापनाने त्यांना मदत करावी, असा निर्णय झाला. तेथे सुधारणा मुलांच्या जिभेत करायची नव्हती. शिक्षकांच्या समजुतीत करायची होती.

तिसरा टप्पा: आठवणीवर नव्हे, प्रत्यक्ष बोलण्यावर काम करा

या मार्गदर्शनातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा टप्पा हाच आहे. माणसांना आपण काय बोललो याचा आशय आठवतो, शब्द आठवत नाहीत. ‘मी रुग्णाला आणखी काही विचारायचे आहे का, असे नेहमी विचारतो’ हे डॉक्टरचे म्हणणे प्रामाणिक असते. पण ध्वनिमुद्रण ऐकले की प्रत्यक्षात ‘बाकी काही नाही ना?’ असे विचारलेले आढळते. या दोन वाक्यांत किती अंतर आहे, ते पुढे येईल. म्हणून मुलाखती आणि प्रश्नावल्या दुय्यम मानाव्यात आणि प्रत्यक्ष संभाषणे, पत्रे, भरलेले व अर्धवट सोडलेले अर्ज, दूरध्वनीवरील बोलणी हा मुख्य ऐवज मानावा. चुकीचे भरलेले अर्ज तर सोन्यासारखे असतात, कारण त्यांत लोक नेमके कोणत्या ओळीवर अडखळतात ते आयते टिपलेले असते. दुर्दैवाने तेच आधी रद्दीत जातात.

माणसे निरीक्षणाखाली नसताना कशी बोलतात हे आपल्याला हवे असते, पण ते मिळवायचे तर निरीक्षणच करावे लागते. लबोव यांनी या पेचाला निरीक्षकाचा विरोधाभास म्हटले. त्यावर पूर्ण इलाज नाही. पहिल्या एक-दोन दिवसांचे मुद्रण बाजूला ठेवणे, यंत्र ठेवून आपण खोलीबाहेर जाणे आणि नेहमीच्या कामातच मुद्रण करणे, एवढे करता येते. चोरून मुद्रण करणे हा मात्र मार्ग नव्हे. कशासाठी मुद्रण होत आहे, कोण ऐकणार आहे, केव्हा पुसले जाणार आहे, हे समोरच्याच्या भाषेत सांगून संमती घ्यावी आणि नकार दिल्याने मिळणाऱ्या सेवेत फरक पडणार नाही, हेही स्पष्ट सांगावे. संमतीपत्रच न समजण्यासारखे असेल तर या उद्योगाला अर्थ राहत नाही. त्यामुळे पहिली चाचणी त्याचीच घ्यावी.

डेबोरा कॅमरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये संशोधनाच्या तीन वृत्तींत भेद केला: लोकांवर, लोकांसाठी आणि लोकांसह. तिसरी वृत्ती वेळखाऊ आहे, तरी तिचा व्यावहारिक लाभ मोठा आहे. ज्यांची अडचण आहे त्यांच्यापैकी दोघे-तिघे पहिल्या दिवसापासून सोबत असतील, तर कोणता शब्द बोचतो, कोणता हिणवतो आणि कोणता केवळ कागदावर जगतो, हे ते एका बैठकीत सांगतात.

चौथा टप्पा: ऐकलेले जसेच्या तसे उतरवा

मुद्रणातील बोलणे लिहून काढताना ते सुधारण्याचा मोह होतो. तो आवरावा. अडखळणे, मध्येच सोडलेले वाक्य, ‘अं’, हुंकार, दोघांनी एकदम बोलणे आणि विशेषतः विराम हे सगळे नोंदवावे, कारण प्रश्नानंतर एखाद्या सेकंदाचे मौन हे पुष्कळदा ‘मला समजलेले नाही’ याचेच सभ्य रूप असते. गेल जेफरसन यांनी विकसित केलेली चिन्हपद्धती यासाठी जगभर वापरली जाते. सुरुवातीला तिच्यातील विराम, एकत्र बोलणे आणि जोर एवढी तीन चिन्हे पुरतात. एका तासाचे मुद्रण उतरवायला बरेच तास लागतात, म्हणून सर्व काही उतरवू नये. आधी सर्व ऐकावे, प्रश्नाशी संबंधित जागा हेराव्यात आणि तेवढ्याच उतरवाव्यात. मुद्रण ऐकत ऐकत उतरवण्यासाठी नेदरलँड्समधील मॅक्स प्लांक संस्थेत तयार झालेले एलान, उच्चार तपासण्यासाठी प्रात आणि लिखित मजकुरातील शब्दांच्या जागा शोधण्यासाठी अँटकॉन्क ही संगणकीय साधने विनामूल्य मिळतात. ती नसली तरी कागद, पेन्सिल आणि हेडफोन यांवर काम भागते.

पाचवा टप्पा: दोष वाक्यापर्यंत, जमल्यास शब्दापर्यंत शोधा

कोणते विश्लेषण करायचे हे प्रश्नावर ठरते. लिखित मजकूर असेल तर व्याकरणाची रचना तपासावी. अमेरिकेत रॉबर्ट आणि व्हेडा चॅरो यांनी १९७९ मध्ये ज्यूरीला, म्हणजे खटल्याचा निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाला, दिल्या जाणाऱ्या सूचनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सूचना ऐकवून ऐकणाऱ्याला त्या स्वतःच्या शब्दांत सांगायला लावायच्या, ही त्यांची पद्धत होती. कायदेशीर कल्पना अवघड असतात म्हणून लोकांना कळत नाही, हा समज त्यातून मोडला. अडथळा प्रामुख्याने विशिष्ट रचनांचा होता: क्रियापदांची केलेली नामे, अनेक नकार, गाळलेले संबंधदर्शक शब्द, कर्त्याचा पत्ता न लागू देणारी कर्मणी वाक्ये. त्याच रचना बदलून लिहिलेल्या सूचना लोकांना अधिक समजल्या.

हेच आपल्या भाषेत करून पाहू. ‘विहित मुदतीत अर्ज सादर न केल्यास सदर अर्ज विचारात घेतला जाणार नाही, याची नोंद घेण्यात यावी.’ या वाक्यात दोन नकार आहेत, मुदत कोणती ते सांगितलेले नाही, विचारात न घेणारा कोण हे लपलेले आहे आणि शेवटची आज्ञा अर्ज देण्याची नसून नोंद घेण्याची आहे. ‘३० तारखेपर्यंत अर्ज द्या. त्यानंतर आलेला अर्ज आम्ही घेणार नाही.’ यात माहिती अधिक आहे आणि शब्द कमी. लक्षात घ्यावे की ‘विहित’ आणि ‘सदर’ हे शब्द बदलून रचना तशीच ठेवली असती तर फारसे साधले नसते. कठीण शब्दांची यादी करून समानार्थी शब्द बसवणे म्हणजे सोपी भाषा, ही समजूत इतकी पसरलेली आहे की तिच्याविरुद्ध पुन्हा पुन्हा बोलावे लागते.

प्रश्न समोरासमोरच्या बोलण्याचा असेल तर संभाषण-विश्लेषण, म्हणजे खऱ्या बोलण्याची शब्दन्‌शब्द तपासणी, उपयोगी पडते. जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याचा उत्तम नमुना आहे. रुग्ण एकाहून अधिक तक्रारी मनात घेऊन येतात आणि काही न सांगताच परततात, हे ठाऊक होते. वीस डॉक्टरांपैकी काहींनी रुग्णाची पहिली तक्रार ऐकल्यावर ‘एनीथिंग एल्स’ असे शब्द असलेला प्रश्न विचारायचा आणि काहींनी ‘समथिंग एल्स’ असलेला, एवढाच फरक केला गेला. दुसऱ्या प्रकारात, काहीच न बदललेल्या भेटींच्या तुलनेत, न सांगितलेल्या तक्रारी ७८ टक्क्यांनी घटल्या. पहिल्या प्रकारात लक्षणीय फरक पडला नाही. भेटीचा वेळही वाढला नाही. इंग्रजीतील ‘एनी’ नकाराकडे झुकते, ‘सम’ होकाराकडे. आपल्याकडे हे काम शब्दापेक्षा प्रश्नाचे शेपूट करते. ‘बाकी काही नाही ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणे हा सौजन्याचा भाग होतो, तर ‘आणखी काय काय त्रास आहे?’ हा प्रश्न आणखी काही असणार असे गृहीत धरतो. इंग्रजी प्रयोगाचा निष्कर्ष मात्र जसाच्या तसा उचलू नये. आपल्या भाषेत फरक पडतो का, हे आपणच मोजावे.

लेखकाची ओळख किंवा जबानीचा खरेपणा यांसारखे प्रश्न असतील तर तुलनेसाठी मोठा भाषासंग्रह, म्हणजे कॉर्पस, लागतो. इंग्लंडमध्ये १९५३ साली फाशी दिलेल्या डेरेक बेंटली याच्या ५८२ शब्दांच्या जबानीत इंग्रजी ‘आय’ नंतर लगेच ‘देन’ ही रचना तीनदा आली होती. भाषाविज्ञ माल्कम कुल्थर्ड यांनी दाखवून दिले की साधारण माणसाच्या बोलण्यात ती अत्यंत विरळ असते, पण पोलिसांच्या लिखित जबान्यांत वारंवार आढळते. म्हणजे जबानी एकट्या आरोपीच्या तोंडची असल्याचा दावा संशयास्पद होता. १९९८ मध्ये बेंटलीची दोषसिद्धी रद्द झाली, तरी तिचे प्रमुख कारण न्यायाधीशाने ज्यूरीला केलेले सदोष मार्गदर्शन हे होते. भाषिक पुराव्याचे श्रेय फुगवून सांगण्याची सवय या क्षेत्राला परवडणारी नाही. नवशिक्याने न्यायालयीन प्रकरणांत स्वतः हात घालू नये, एवढेही येथे सांगून ठेवतो.

सहावा टप्पा: एका वेळी एकच बदल करा

दोष सापडल्यावर सगळेच बदलून टाकावेसे वाटते. तसे केले तर फरक कशामुळे पडला हे कधीच कळत नाही, आणि संस्थेतील माणसेही नव्या मजकुरावर बिथरतात. शक्य तेवढा लहान बदल निवडावा: एक प्रश्न, एक परिच्छेद, एका शब्दाची एकच निश्चित योजना. एलिझाबेथ स्टोको यांनी इंग्लंडमधील मध्यस्थी केंद्रांना आलेले दूरध्वनी अभ्यासले, तेव्हा असे दिसले की भांडणाने त्रासलेली माणसे मध्यस्थीची माहिती ऐकून नकार देत, पण ‘तुमची तयारी असेल का’ अशा अर्थाने विचारले की अनेकदा होकार येई. आपण समजूतदार आणि समोरचा आडमुठा, अशी मांडणी आधीच केलेल्या माणसाला ‘माझी तयारी नाही’ म्हणणे जड जाते. स्टोको यांनी हे ध्वनिमुद्रणांतून शोधले आणि तीच खरी संभाषणे थांबवत थांबवत ऐकवून केंद्रांतील लोकांना शिकवले. प्रशिक्षणासाठी ही रीत नाटकी प्रसंग रचण्यापेक्षा कितीतरी चांगली आहे.

सातवा टप्पा: ‘समजले का?’ असे न विचारता चाचणी घ्या

‘समजले ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर समजल्याचे लक्षण नसते. डायना ईड्स यांनी ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींच्या न्यायालयीन जबान्यांचा अभ्यास करताना, प्रश्न समजो वा न समजो, अधिकारी व्यक्तीला ‘हो’ म्हणण्याची रीत सविस्तर वर्णिली आहे. अशा ‘हो’वर माणसे दोषी ठरू शकतात. सत्तेतील अंतर जितके मोठे, तितका हा होकार स्वस्त असतो.

त्याऐवजी तीन चाचण्या वापराव्यात. पहिली, स्वतःच्या शब्दांत सांगायला लावणे: ‘मी नीट सांगितले की नाही हे मला पाहायचे आहे; घरी गेल्यावर हे औषध कसे घ्याल ते सांगता का?’ यात परीक्षा सांगणाऱ्याची होते, म्हणून ऐकणारा संकोचत नाही. दुसरी, विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेली क्लोझ चाचणी: मजकुरातील दर पाचवा शब्द गाळून वाचकाला रिकाम्या जागा भरायला द्यायच्या. नेमका मूळ शब्द साठ टक्के जागी आला तर मजकूर वाचकाच्या आवाक्यातला आणि चाळीस टक्क्यांखाली आला तर आवाक्याबाहेरचा, असे इंग्रजीत सर्वसाधारणपणे मानले जाते. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच जोडलेले असल्याने हे आकडे थेट लागू करू नयेत. जुन्या आणि नव्या मजकुराची तुलना करण्यापुरते ते वापरावेत. हीच सावधगिरी इंग्रजीच्या शब्दावयवांवर (सिलेबलवर) बेतलेल्या वाचनसुलभता सूत्रांबाबत अधिकच बाळगावी. तिसरी, प्रत्यक्ष काम करून घेणे: अर्ज हातात द्यावा, भरायला सांगावे आणि गप्प बसून पाहावे. सोप्या भाषेविषयीचे २०२३ चे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २४४९५-१, याच कसोटीवर उभे आहे: वाचकाला हवे ते सापडते का, सापडलेले समजते का आणि समजलेले वापरता येते का.

चाचणीसाठी शेकडो माणसे लागत नाहीत. पाच-सहा वाचकांनी एकाच ओळीवर अडखळणे पुरेसे बोलके असते. मात्र ही माणसे आपल्या कचेरीतील सहकारी असू नयेत, आणि सर्वांत सुशिक्षित स्वयंसेवक तर मुळीच नकोत.

आठवा टप्पा: बदल टिकवा

चाचणीत यशस्वी ठरलेला मजकूर पुष्कळदा काही महिन्यांत पुन्हा जुना होतो. विधी सल्लागार एक वाक्य जोडतो, नवा अधिकारी ‘जरा भारदस्त करा’ म्हणतो, भाषांतरकाराला मूळ हेतू कळवलेलाच नसतो. यावर उपाय म्हणून मजकुरासोबत एक पान ठेवावे: कोणती रचना का बदलली, ती बदलण्यापूर्वी आणि नंतर किती जणांनी बरोबर उत्तर दिले, कोणत्या वाक्याला हात लावल्यास पुन्हा चाचणी घ्यावी लागेल आणि ती कोण घेईल. ज्या मजकुरात कायदेशीर शब्द अटळ असतात, तेथे सल्लागाराला शेवटी नव्हे, सहाव्या टप्प्यावरच बैठकीत बसवावे. मग तो आक्षेप घेतो तेव्हा समोर वाचकांची उत्तरे असतात आणि वाद आवडीनिवडीचा राहत नाही. अनेक भाषांत जाणारा मजकूर असेल तर प्रत्येक भाषेत सातवा टप्पा स्वतंत्रपणे करावा लागतो, त्यासाठीचा वेळ आराखड्यात पहिल्याच दिवशी राखून ठेवावा.